ढोलगरवाडीचा धडा

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, बेळगांवच्या बाजूस, चंदगड तालुका आहे. पावसाचा, रानाचा आणि काजूच्या बागांचा हा मुलूख. या तालुक्यांत ढोलगरवाडी नांवाचें एक लहानसें गांव आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें नांव ऐकलें असेल. मात्र कोणी तें एका कारणानें ऐकलें असेल, कोणी अगदीं निराळ्या कारणानें. तीं दोन्ही कारणें आज शेजारीं शेजारीं मांडून त्यांतून आपल्या मुलांच्या हिताचा कांहीं बोध निघतो कीं काय, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें कारण सर्पांचें. ढोलगरवाडीचें मामासाहेब लाड विद्यालय हें सर्पांची शाळा म्हणून दूरवर प्रसिद्ध झालें. सर्पमित्र बाबूराव टक्केकर यांच्या परिश्रमानें तेथें सर्पालय उभें राहिलें. आणि नागपंचमीच्या दिवशीं जिवंत सर्प लोकांसमोर आणून, विषारी कोणता, बिनविषारी कोणता, दंश झाल्यास काय करावें व काय करूं नये, हें समजावून देण्याचा परिपाठ या शाळेनें वर्षानुवर्षें चालविला. ज्या भागांत शेतांत, गवतांत, गोठ्यांत आणि पावसाळ्यांत घराच्या उंबऱ्यापर्यंत साप येतो, तेथें मुलांस ‘सापाच्या वाटेस जाऊं नको’ एवढें बजावून भागत नाहीं. कारण मूल सापाकडे गेलें नाहीं तरी साप मुलाकडे येतो. म्हणून या शाळेनें भिवविण्याचा मार्ग सोडून ओळख करून देण्याचा मार्ग धरिला.

दुसरें कारण ऐकून मनास खेद होतो. नोव्हेंबर २०२१ मध्यें मुंबई पोलिसांच्या अंमली पदार्थविरोधी पथकानें याच ढोलगरवाडीच्या शिवारांत धाड घालून मेफेड्रोन नांवाचें मादक द्रव्य तयार करण्याचा कारखाना उघडकीस आणिला. बाजारांत या द्रव्यास ‘एम. डी.’ म्हणतात. एखाददुसऱ्याच्या दुष्कृत्यामुळें साऱ्या गांवास बोल लावणें अन्यायाचें होईल, आणि तसें करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पण त्या दिवसापर्यंत आमच्यापैकीं बहुतेकांची अशी समजूत होती कीं, असलीं विषें मुंबईसारख्या शहरांत समुद्रमार्गें येतात व तेथेंच संपतात. आमच्या ऊस-भाताच्या मुलखाशीं त्यांचा संबंध काय? ती समजूत खोटी ठरली. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें पुणें पोलिसांनीं कुरकुंभच्या कारखान्यावर धाड घातली, तेव्हां तपासाचा धागा सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत पोंचला; आणि पुढच्याच महिन्यांत कवठेमहांकाळ तालुक्यांतील इरळी गांवींही असाच कारखाना सांपडला. तात्पर्य, साप उंबऱ्याशीं आला आहे. आतां प्रश्न एवढाच कीं, आपण आपल्या मुलांस काय शिकवावें?

आमचें उत्तर असें आहे कीं, ढोलगरवाडीच्या शाळेनें सर्पांविषयीं जें शिकविलें, तेंच व तसेंच व्यसनांविषयीं शिकवावें. सर्पविद्येचे मुख्य पाठ चार आहेत. ते एकेक घेऊन पाहूं.

पहिला पाठ ओळखीचा. आपल्याकडे माणसांस प्राणघातक ठरणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. धामण, दिवड, कवड्या इत्यादि कितीतरी साप माणसास निरुपद्रवी आहेत. परंतु कवड्या आणि मण्यार हे अजाण डोळ्यास एकसारखेच दिसतात. दोघांच्याही काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचे पट्टे मानेच्या बरेच खालीं सुरू होतात व शेपटीपर्यंत ठळक राहतात. ज्यास हा भेद ठाऊक नाहीं तो मण्यारास कवड्या समजून फसतो. (अर्थात् ओळख पटो अथवा न पटो, सापास हात लावूं नये, हें सांगणें नलगे.)

व्यसनाच्या वस्तूही अशाच वेष पालटून येतात. आपल्या भागांतला मावा घ्या. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदांत घोळून तो मिळतो. मुलांस तो खाऊच्या पुडीसारखा वाटतो. गुटख्यावर महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं बंदी घातली. पण सुगंधी सुपारीची चकचकीत पुडी मूल सहज तोंडांत टाकतें व ‘यांत तंबाखू नाहीं’ असें सांगतें. त्यास हें कोणी सांगितलेलें नसतें कीं, तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही तोंडाच्या कर्करोगास कारण होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें तिची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. घरोघरच्या मिश्रीस तर आम्ही दंतमंजनच समजत आलों. वस्तुतः ती भाजलेली तंबाखू होय. ई-सिगारेट ही दिसण्यांत लेखणीसारखी व वासांत फळासारखी. तिच्यावर देशांत २०१९ पासून बंदी आहे. पंक्चर काढण्याचें सोल्युशन व लिहिलेलें खोडण्याचें व्हाइटनर हीं दप्तरांतलीं व दुकानांतलीं साधीं सामानें. पण त्यांची वाफ हुंगण्याची चटक लागते, आणि ती चटक थोरांपेक्षां लहानांसच अधिक. केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, हुंगण्याच्या द्रव्यांचें सेवन करणाऱ्यांचें प्रमाण मोठ्या माणसांत शेंकडा ०.५८, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत शेंकडा १.१७ आहे, म्हणजे दुप्पट. इतर कोणत्याही मादक द्रव्याच्या बाबतींत मुलें मोठ्यांच्या पुढें गेलेलीं नाहींत.

कित्येक विषें तर औषधाच्या वेषांत येतात. खोकल्याच्या कांहीं औषधांत अफूपासून मिळणारें कोडीन असतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्याचा रक्तदाब उतरूं लागल्यास डॉक्टर मेफेंटरमीन नांवाचें इंजेक्शन देतात. तेंच ‘व्यायामाचा दम वाढतो’ अशा लालुचीनें तरुणांच्या हातीं दिलें जातें, आणि त्याची बेकायदा विक्री करणाऱ्यांस राज्यांत ठिकठिकाणीं पोलिसांनीं पकडलें आहे. ज्या कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभारिलें, जेथें जोर-बैठका, थंडाई व दुधावर मल्ल पोसले गेले, तेथें अंग कमावण्यासाठीं सुई टोंचून घ्यावी, याहून मोठा विपर्यास कोणता?

आणखी एक ओळख मुलांस करून दिली पाहिजे. हें विष देणारा कोण असतो? आम्ही मुलांस सांगतों कीं, अनोळखी माणसाच्या हातचें कांहीं घेऊं नका. सल्ला चांगला आहे; पण पुरा नाहीं. पहिली पुडी बहुधा अनोळखी माणूस देत नाहीं. ती वर्गमित्र देतो, गल्लींतला थोरला मुलगा देतो, मिरवणुकींत खांद्यावर हात ठेवणारा देतो. तो डोळे वटारून देत नाहीं. हंसून देतो, व म्हणतो, ‘एकदां घेऊन तर बघ.’ म्हणून ‘नको’ हा शब्द परक्यास नव्हे तर आपल्या दोस्तास म्हणतां आला पाहिजे; आणि तो पाठ केलेल्या कवितेसारखा आधींपासून तोंडांत तयार असला पाहिजे.

दुसरा पाठ मण्याराचा. हा साप रात्रीं फिरतो, आणि जमिनीवर निजलेल्या माणसास अंथरुणांत चावतो. त्याचे दांत इतके लहान असतात कीं, पुष्कळदां दंशाची जागाही सांपडत नाहीं. सूज नाहीं, विशेष वेदना नाहीं. माणसास वाटतें मुंगी चावली असेल. आणि तो कूस पालटून पुन्हां निजतो. कांहीं तासांनीं पोटांत दुखूं लागतें, पापण्या मिटूं लागतात, जीभ जड होते, आणि मग श्वास कोंडतो. चार सर्पांत मण्यार विशेष भयंकर तो याचसाठीं, कीं त्याचा दंश दुखत नाहीं.

व्यसनाचा दंशही दुखत नाहीं. पहिल्या पुडीनें फार तर भोंवळ येते, दुसऱ्या वेळीं तीही येत नाहीं. मग मुलगा स्वतःशीं म्हणतो, ‘पाहा, मला कांहीं झालें नाहीं. मोठीं माणसें उगीच भिववितात.’ येथेंच तो फसतो. जें घडत असतें तें मेंदूंत घडत असतें. आवडीचा खेळ जिंकला, आईनें पाठ थोपटली, भूक लागली असतां भाकरी मिळाली, कीं आपल्या मेंदूंत डोपामीन नांवाचें द्रव्य स्रवतें व आपणांस बरें वाटतें. ‘हें पुन्हां कर’ अशी ती निसर्गाची खूण असते. मादक द्रव्य श्रमावांचून, जिंकल्यावांचून, तीच खूण कितीतरी अधिक जोरानें वाजवितें. वारंवार वाजविल्यावर मेंदू त्या आवाजास बहिरा होऊं लागतो. मग खेळांत गोडी राहत नाहीं, भाकरींत चव राहत नाहीं. आणि ज्यापासून आरंभीं आनंद मिळाला त्यापासून शेवटीं आनंदही मिळत नाहीं, केवळ तळमळ थांबते. ‘मनांत आणलें तर उद्यां सोडीन’ असें जो म्हणतो, त्यास हें ठाऊक नसतें कीं ज्या मनानें सोडावयाचें त्यासच दंश झालेला आहे.

लहान वयांत हा धोका अधिक असण्याचें कारण शरीरशास्त्रांत आहे. विचार करणारा व मोह आंवरणारा जो मेंदूचा पुढचा भाग, तो पुरता परिपक्व होण्यास वयाचीं सुमारें पंचवीस वर्षें लागतात. त्यापूर्वीं पडलेला घाव ओल्या मातींत उमटलेल्या पावलासारखा खोल जातो. आमचीं मुलें याहून मोठीं होईपर्यंत या बाबतींत बोलण्याची घाई नाहीं, असें जे पालक समजतात त्यांनीं पुढील आंकडा ध्यानांत घ्यावा. २०१९ सालीं देशभर शाळांतून झालेल्या पाहणींत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपांत तंबाखू घेत असल्याचें दिसलें. आणि त्यांत चघळण्याची तंबाखू घेणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं तिचा आरंभ वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच केला होता. दहा वर्षें! म्हणजे पांचवीचा वर्गही पुरा झालेला नव्हता.

तिसरा पाठ सर्वांत महत्त्वाचा, आणि तो सांगतांना आम्हांस स्वतःचीच एक चूक कबूल केली पाहिजे. सर्पदंश झाल्यावर पहिलें काम कोणतें? धांवणें नव्हे, मंत्र नव्हे, जखम कापणें नव्हे. पहिलें काम म्हणजे जवळच्या माणसास सांगणें, आणि त्यानें वेळ न दवडतां रुग्णालयांत नेणें. सर्पविषावरील लस आज उपलब्ध आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेनें ती पिढ्यानुपिढ्या तयार केली आहे. पण दंश लपविला तर लस काय करील?

पूर्वीं एका शाळेंत आम्ही शिकवीत असतांना व्यसनांच्या दुष्परिणामांवर सातवीच्या वर्गांत व्याख्यान दिलें. सडलेल्या जबड्यांचीं चित्रें दाखविलीं, घोर परिणाम वर्णिले, मुलांकडून शपथ घेवविली. तास संपतां संपतां मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, ‘सर, मी एकदा मावा खाल्लाय. आता मला काय हुईल?’ वर्ग खदखदां हंसला. आम्हांस त्याचा राग आला. आम्हांस वाटलें, हा थट्टा करितो, किंवा निर्लज्जपणें सांगतो. आम्हीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें, आणि घरीं चिठी धाडली. घरीं त्यास मार बसला. दुसऱ्या दिवसापासून तो गप्प झाला. त्याच्याबरोबर सारा वर्गही गप्प झाला. त्यानंतर आमच्या व्याख्यानांस कोणींही प्रश्न विचारला नाहीं, आणि आम्ही त्या शांततेस यश समजलों.

दीड वर्षानें त्या मुलाची आई शाळेंत आली. मुलास तिखट घांस सोसेना, व तोंड पुरतें उघडेना. डॉक्टरांनीं पाहून सांगितलें कीं, सुपारी-तंबाखूमुळें गालाच्या आंतली त्वचा कठीण होऊं लागली आहे. आतां तरी सोडल्यास रोग पुढें जाणार नाहीं, पण गेलें तें सारें परत येईलच असें नाहीं. ती माउली आम्हांस एकही कठोर शब्द बोलली नाहीं. आम्ही मात्र मनांत समजलों कीं, या मुलानें वेळींच सांगितलें होतें. दंश झाल्याबरोबर तो आमच्याकडे धांवत आला होता, आणि आम्हीं त्याच्या तोंडावर दार लाविलें.

भय घालून मुलें सुधारत नाहींत, हा अनुभव आमचाच नव्हे. अमेरिकेंत १९८३ सालीं लॉस एंजल्स शहरीं पोलिसांनीं शाळाशाळांतून जाऊन मादक द्रव्यांविरुद्ध धडे देण्याची मोठी योजना आरंभिली. ती देशभर पसरली, तिजवर अपार पैसा खर्च झाला. पुढें अभ्यासकांनीं तपासून पाहिलें, तों हे धडे घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत फारसा फरक दिसेना. तेव्हां चालकांनीं आपला अभ्यासक्रम बदलला, व भिवविण्याऐवजीं नकार कसा द्यावा, निर्णय कसा करावा, हें शिकविण्याकडे ते वळले. चूक कळल्यावर ती सुधारणें यांत कमीपणा नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत या बाबतींत जें मोलाचें काम झालें आहे त्याचाही पाया उघडें बोलणें हाच आहे. १९८० नंतरच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या तरुणांत ‘गर्द’ नांवाचें विष पसरलें. डॉ. अनिल अवचट यांनीं त्या मुलांत मिसळून, त्यांच्या घरच्यांशीं बोलून, वृत्तपत्रांत लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनीं साहाय्याचा हात पुढें केला. आणि अवचटांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनीता अवचट, यांनीं २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास येरवड्यांत ‘मुक्तांगण’ ही व्यसनमुक्तीची संस्था सुरू केली. तेथें येणाऱ्यास गुन्हेगार मानीत नाहींत. आजारी माणूस मानतात. व्यसन सोडून वर्ष पुरें झालें कीं त्याचा वाढदिवस साजरा करितात, आणि तो चारचौघांत उभा राहून आपली हकीकत सांगतो. साताऱ्यास डॉ. नरेंद्र दाभोळकर यांनीं ‘परिवर्तन’ ही संस्था याच कार्यासाठीं उभारिली. मुंबईंत २००२ पासून सलाम बॉम्बे फाउंडेशनचे कार्यकर्ते शाळांतील मुलांसच या कामाचे प्रचारक करितात, व तीं मुलें आपल्या वस्तींत जाऊन बोलतात.

कायदाही आजारी आणि विकणारा यांत भेद करितो, हें पालकांनीं जाणावें. मादक द्रव्यांसंबंधींचा १९८५ चा कायदा विक्री करणाऱ्यांवर अत्यंत कडक आहे; मेफेड्रोनचा त्यांत समावेश २०१५ सालीं झाला. पण त्याच कायद्याच्या ६४-अ या कलमान्वयें, थोड्या प्रमाणांत द्रव्य बाळगणारा व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेण्यास तयार झाला व त्यानें ते पुरे केले, तर त्याजवर खटला चालत नाहीं. राज्यकर्ते इतकी क्षमा दाखवितात, तर आईबापांनीं व शिक्षकांनीं किती दाखवावी? ज्यांस कोणाजवळ बोलण्याचा धीर होत नसेल त्यांच्यासाठीं व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर, आणि संकटांतल्या मुलांसाठीं १०९८ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

चौथा पाठ अंगणाचा. साप घरांत कां येतो? उंदीर असतात म्हणून येतो. अडगळ, लांकडांचा ढीग, उघडें धान्य हीं त्याचीं आमंत्रणें होत. सर्पमित्र आधीं साप पकडतो, आणि मग घरधन्यास सांगतो, ‘अंगण साफ ठेवा.’ पालकहो, हा पाठ तुमचा व आमचा आहे.

आम्ही मुलांच्या हातीं दहा रुपये देऊन तंबाखूची पुडी आणावयास धाडतों कीं नाहीं? ‘जा, पळत जा’ असें म्हणतों कीं नाहीं? दुकानदारही ‘अमक्याचा पोरगा’ म्हणून देतो. २००३ च्या कायद्यान्वयें अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकणें, आणि शाळा-कॉलेजांपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकणें, हा गुन्हा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें, डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून मुलांस दारू, मादक द्रव्य अथवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पण कायद्याची गोष्ट सोडून द्या. जें मूल आठव्या वर्षापासून बापासाठीं पुडी आणतें, त्यास पुडीचा रंग, वास व भाव पाठ होतो. पंधराव्या वर्षीं तें ती स्वतःसाठीं आणतें, यांत नवल काय? आम्ही असें मुळींच म्हणत नाहीं कीं, ज्या बापाचें व्यसन सुटत नाहीं त्यानें मुलाशीं या विषयावर बोलूं नये. उलट त्यानेंच आधीं बोलावें. ‘बाळ, मला हें तुझ्या वयांत लागलें, सोडावयास गेलों तेव्हां सुटेना, तूं यांत पडूं नकोस’, असें बापानें एकदां खऱ्या मनानें म्हटलें, तर तें आमच्या दहा व्याख्यानांहून अधिक वजनदार होईल.

येथें आणखी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणें प्राप्त आहे. तंबाखू हें आमच्याच मुलखाचें पीक. कागल-गडहिंग्लजच्या शिवारांत ती पिकत आली, निपाणीच्या पेठेंत तिचा व्यापार वाढला, आणि १९८१ सालीं तिच्या भावासाठीं निपाणीस शेतकऱ्यांचें मोठें आंदोलन होऊन त्यांत कित्येकांचे प्राण गेले. विड्या वळून ज्यांनीं मुलें शिकविलीं अशा कित्येक माता याच भागांत आहेत. त्यांच्या कष्टांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण ज्या हातांनीं तंबाखू निवडली त्या हातांसच तिचा त्रास ठाऊक असतो; आणि आपलें मूल तरी यांतून सुटावें म्हणून तर त्या मातेनें त्यास शाळेंत घातलें.

अंगण साफ करणें म्हणजे नुसता निषेध नव्हे. रिकामी जागा चांगल्या गोष्टीनें भरणें होय. आइसलंड या उत्तरेकडील लहानशा देशानें हें करून दाखविलें. तेथें १९९८ सालीं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४२ मुलें महिन्याभरांत एकदां तरी दारू पिऊन झिंगलेलीं असत. २०१६ सालीं तें प्रमाण शेंकडा ५ वर आलें. तेथील लोकांनीं केलें काय? गांवोगांव मुलांसाठीं खेळ, संगीत व कला यांचे वर्ग काढिले व त्यांसाठीं पैशाची मदत दिली. आईबापांनीं एकत्र बसून करार केले कीं, मुलांनीं रात्रीं उशिरां बाहेर राहूं नये, व आपण त्यांच्यासमवेत अधिक वेळ घालवावा. आणि वर्षानुवर्षें मुलांसच विचारून पाहणी केली. एवढेंच. यांत आपणांस न साधण्यासारखें काय आहे?

कोल्हापुरास तर हें नवें नाहींच. येथें पेठेपेठेंत तालीम आहे. तालीम म्हणजे नुसता हौदा नव्हे. संध्याकाळीं मुलगा कोठें आहे, कोणाबरोबर आहे, हें जाणणारें गल्लीचें थोरलें घरच तें. गंगावेशीस व मिरजकर तिकटीस रात्रीं दुधाचा कट्टा भरतो; म्हशीचें धारोष्ण दूध पितां पितां तेथें बापलेक शेजारीं उभे राहतात. ३१ डिसेंबरच्या रात्रीं दारूऐवजीं दूध वांटण्याचा जो उपक्रम महाराष्ट्रांत अनेक संस्थांनीं चालविला, तो कोल्हापूरकरांस सहज समजण्यासारखा आहे. आमची विनंती एवढीच कीं, प्रत्येक तालमीनें व मंडळानें वर्षांतून एक दिवस तरी मुलांस जवळ बसवून या विषयावर मोकळें बोलावें, व मोठ्यांनीं त्या दिवशीं अधिक ऐकावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं आतां फार लिहीत नाहीं. चार पाठ लक्षांत ठेवा. वेष पालटून आलेलें विष ओळखा. दंश दुखला नाहीं म्हणून तो झाला नाहीं असें समजूं नका. झालाच, तर त्याच दिवशीं कोणा तरी मोठ्या माणसास सांगा. आणि पहिल्यानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्यास सांगा. आणि आपलें अंगण, म्हणजे आपली संगत, स्वच्छ ठेवा.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर, मागच्या बांकावरचा एखादा विद्यार्थी पुन्हां उभा राहून तोच प्रश्न विचारील, तेव्हां आम्ही त्यास वर्गाबाहेर धाडणार नाहीं. त्यास जवळ बोलावूं, आणि म्हणूं, ‘बरें झालें, सांगितलेंस.’ हें वाक्य म्हणावयास आम्हांस एका मुलाचें मोल द्यावें लागलें. पालकहो, तुम्हांस तें मोल द्यावें न लागो.